मत्स्यविज्ञानाची पदवी, सरकारी सेवा आणि समुद्राच्या वाटाघाटी: रस्ता नेमका कुठून जातो?

निवटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बीएफएससीचं (मत्स्यविज्ञानाच्या पदवीचं) शेवटचं वर्ष चालू आहे आणि पुढे एमएफएससी (त्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं नक्की आहे, फक्त विषय ठरत नाही. बरोबरच्या बहुतेकांचा कल कोळंबी संवर्धन नाहीतर प्रक्रिया उद्योगाकडे आहे. मला सरकारी सेवेत जायचं आहे, आणि त्यातही हिंदी महासागराचा टूना आयोग, अन्न व कृषी संघटना, जागतिक व्यापार संघटना अशा ठिकाणी भारताची बाजू जिथे तयार होते त्या कामाकडे.

1) कृषी संशोधन सेवा (एआरएस), फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया आणि एमपीएससी यांपैकी कुठला दरवाजा तिथे जातो?
2) एमएफएससीला विषय कोणता घ्यावा?
3) अशा बैठकीत शास्त्रज्ञ खरंच बोलतो, की फाइल पुरवून मागच्या रांगेत बसतो?

जाणकारांनी तपशीलवार सांगावं ही विनंती.

दर्यावर्दी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीची दोन त्यातूनच निघतात.

हिंदी महासागर टूना आयोगाचं, म्हणजे आयओटीसीचं, उदाहरण घ्या. मुख्यालय सेशेल्समध्ये व्हिक्टोरियाला. करार 1993 चा, अंमल 1996 पासून. आयोगाचं काम तीन पायऱ्यांवर चालतं. सगळ्यात खाली कार्यगट: उष्णकटिबंधीय टूना, किनारी टूना, तलवारमासे, परिसंस्था व अनाहूत पकड (नको असताना जाळ्यात येणारे जीव), आकडेवारी असे वेगवेगळे. त्यांच्या वर शास्त्रीय समिती, आणि सर्वांत वर प्रत्यक्ष आयोग. कार्यगटात आणि शास्त्रीय समितीत शास्त्रज्ञच बोलतात. तिथे पद विचारत नाहीत, शोधनिबंध विचारतात. तो बैठकीच्या पंधरा दिवस आधी सचिवालयाकडे पोचला पाहिजे. विकसनशील देशांच्या शास्त्रज्ञांना प्रवासखर्चासाठी निधी आहे, पण त्याचा अर्ज आणि मसुदा याच्याही बऱ्याच आधी द्यावा लागतो. आपल्याकडे परदेश दौऱ्याची परवानगी आणि राजकीय मंजुरी मिळायला वेळ लागतो. तारीख चुकते ती बहुधा तिथेच, आणि आपली आकडेवारी मांडायला खोलीत आपलं कुणी नसतं.

आयोगाच्या बैठकीत चित्र बदलतं. शिष्टमंडळाचा प्रमुख साधारणपणे केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा प्रशासकीय अधिकारी असतो, त्याच्याशेजारी विभागाचा तांत्रिक अधिकारी आणि एक-दोन शास्त्रज्ञ. सरकारचं अधिकारपत्र आणि मंजूर टिपण हातात नसेल तर कितीही मोठा तज्ज्ञ देशाच्या वतीने शब्द काढू शकत नाही. पण मजकुरावर घासाघीस सुरू झाली की प्रमुख मान वळवून शास्त्रज्ञालाच विचारतो: ‘हा आकडा मान्य केला तर आपलं काय जातं?’ त्या अर्ध्या मिनिटात दिलेल्या उत्तरावर देशाची भूमिका ठरते. त्यामुळे मागच्या रांगेत असलात तरी जबाबदारी पुढच्या रांगेइतकीच आहे.

आता दरवाजे.

एआरएस: भरती कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ करतं. लेखी परीक्षा आणि मग मुलाखत. मत्स्य क्षेत्रात जलसंवर्धन, मत्स्य आरोग्य, मत्स्यप्रक्रिया, मत्स्यसंपदा व्यवस्थापन असे वेगळे विषय आहेत. वाटाघाटींकडे जाणारा विषय म्हणजे मत्स्यसंपदा व्यवस्थापन. जाहिरातीत प्रत्येक विषयासमोर कुठली पदव्युत्तर पदवी चालेल ते लिहिलेलं असतं. जलसंवर्धनात एमएफएससी करून नंतर संपदा व्यवस्थापनाची परीक्षा द्यायचा बेत इथेच अडतो, म्हणून तुमचा दुसरा प्रश्न वाटतो त्याहून जास्त महत्त्वाचा आहे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत, म्हणजे सीआयएफईत, हा विषय शिकवतात. निवड झाली की तुम्हाला हवी ती संस्था केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था, सीएमएफआरआय. 1947 ची आहे, मुख्यालय कोचीला.

फिशरी सर्व्हे: मुख्यालय आपल्या मुंबईत. तळ मुरगाव, पोरबंदर, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, पोर्ट ब्लेअर. इथे दरवर्षी ठरलेली परीक्षा नसते. जागा निघाली की यूपीएससी जाहिरात देते, आणि जागा थोड्या असतात. पण खोल समुद्रातल्या टूनाची स्वतंत्र, व्यापारी पकडीवर न विसंबणारी माहिती देशाला याच संस्थेकडून मिळते. ‘मत्स्य वृष्टी’ आणि ‘यलोफिन’सारखी जहाजं लाँगलाइन (गळ लावलेली लांब दोरी) टाकतात आणि दर शंभर गळांमागे किती मासे लागले ते नोंदवतात. वाटाघाटीच्या टेबलावर या आकड्याला मोठा मान आहे.

दिल्लीतल्या मत्स्यव्यवसाय विभागात, जो 2019 पासून स्वतंत्र आहे, तांत्रिक पदांची वेगळी साखळी असते. तिच्या टोकाला मत्स्यविकास आयुक्त. देशाचं टिपण इथे लिहिलं जातं. एआरएस किंवा फिशरी सर्व्हेमधून प्रतिनियुक्तीवर इथे येता येतं.

एमपीएससीबद्दल दुसरं कुणीतरी लिहील.

कुपा-गेदर

दर्यावर्दींनी बैठकीची रचना छान सांगितली. पण वाटाघाटी जिंकल्या किंवा हरल्या जातात त्या मासळी उतरते त्या जेट्टीवर. बैठक होते तेव्हा बहुतेक गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. हे आधी डोक्यात बसलं तर पुढचा अभ्यास कसा करायचा तेही कळेल.

2016 चा पिवळपरी कुप्याचा, म्हणजे यलोफिन टूनाचा, आयओटीसीचा ठराव पाहा. ज्या देशांची 2014 ची नोंदवलेली पकड ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त होती त्यांनी पकड कमी करायची होती. पर्ससीनला (थव्याला घेरून खालून आवळायचं जाळं) मर्यादा 5000 टन, कपात 15 टक्के. लाँगलाइनला 5000 टनांवर 10 टक्के. गिलनेटला (मासा कल्ल्यांपाशी अडकतो ते उभं जाळं) 2000 टनांवर 10 टक्के. बाकी साधनांना 5000 टनांवर 5 टक्के.

आता यातला ‘नोंदवलेली’ हा शब्द बघा. देशाने त्या वर्षी पकड कमी कळवली असेल तर त्याचा पायाच खाली जातो, आणि पुढे पद्धत सुधारून खरा आकडा कळवला की तो ‘वाढ’ म्हणून दिसतो. उलट एका साधनाची पकड दुसऱ्याच्या रकान्यात पडली तर कारण नसताना कपात लागू होते. गळाची आणि जाळ्याची मासळी एकाच होडीतून उतरते तिथे हे सहज घडतं. कित्येक वर्षांपूर्वी जेट्टीवर चुकीच्या रकान्यात पडलेली नोंद कुठलाही वाक्पटू राजनैतिक अधिकारी बैठकीत दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून नमुना कसा घेतात ते नीट शिका. सीएमएफआरआयची पद्धत बहुस्तरीय स्तरित यादृच्छिक नमुन्याची आहे. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन गट पाडतात. पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस चिठ्ठीने निवडला की तिथून सलग सहा दिवस घेऊन दोन-दोन दिवसांच्या तीन जोड्या करतात. जोडीच्या पहिल्या दिवशी दुपारी 12 ते संध्याकाळी 6 आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ते दुपारी 12 प्रत्यक्ष निरीक्षण. मधल्या रात्रीची मासळी चौकशी करून नोंदवायची. 15 किंवा त्याहून कमी होड्या आल्या तर सगळ्यांची नोंद, जास्त आल्या तर ठरलेल्या अंतराने निवड. मग होडीवरून दिवस, दिवसावरून महिना, केंद्रावरून विभाग असा गुणाकार करत वर जायचं.

चुका कुठे होतात? पहिली जागा म्हणजे रात्र. मोठ्या बंदरात लिलाव पहाटेच उरकतो आणि चौकशीवर भिस्त राहते. दुसरी जागा, जातीची ओळख. बाजारात लहान कुपा, गेदर, लांब शेपटीचा टूना असे सगळे एका ढिगात, एका नावाने विकले जातात. लहान यलोफिन आणि लहान बिगआय (टूनाचीच दुसरी जात) बाहेरून पटकन वेगळे करता येत नाहीत. पोट फाडून यकृत पाहिलं तर बिगआयच्या यकृताच्या खालच्या बाजूला रेघा दिसतात, यलोफिनचं गुळगुळीत असतं. तिसरी जागा, वजन. कल्ले आणि आतडी काढून आलेला मासा पूर्ण वजनात बदलायचा राहून गेला की पकड आपोआप कमी दिसते.

आयोगाला काय द्यायचं ते ठरलेलं आहे. मागच्या वर्षाची आकडेवारी 30 जूनपर्यंत. लाँगलाइनची तात्पुरती तोपर्यंत आणि अंतिम 30 डिसेंबरपर्यंत. पकड व प्रयत्न पृष्ठभागावरच्या मासेमारीसाठी एक अंशाच्या चौकटीत, लाँगलाइनसाठी पाच अंशांच्या. लांबीची मोजमापं जातीनुसार आणि साधनानुसार, दर टनामागे किमान एक मासा. 24 मीटर किंवा त्याहून लांब जहाजांच्या किमान 5 टक्के कामावर निरीक्षक. आपला किनारा लहान होड्यांचा, त्यामुळे टनामागे एक मासा हे कागदावर सोपं दिसतं आणि शेकडो केंद्रांवर पसरलेल्या मासळीत फार अवघड जातं. नमुना अपुरा पडला की मूल्यमापनाचं प्रारूप (गणिती मॉडेल) शेजारच्या देशाच्या लांब्या आपल्याला लावतं. आपल्या समुद्राचं चित्र दुसऱ्याच्या मोजपट्टीने काढलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. आयओटीसीच्या यादीत 16 जाती आहेत आणि त्यात आपली सुरमईसुद्धा आहे. म्हणजे मालवण, हर्णे, सातपाटीला उतरलेल्या सुरमईची लांबी हीसुद्धा आंतरराष्ट्रीय वाटाघाटींची सामग्री आहे.

निवटी

खूप उपयोगी, दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न. ठराव देशाला नकोसा असेल तर पुढे काय होतं? आणि एमपीएससीतून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागात गेलं तर हा रस्ता बंदच का?

कुपा-गेदर

पहिल्याचं उत्तर. आयओटीसीत बंधनकारक ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. मंजूर झाल्यावर सदस्य देश 120 दिवसांत आक्षेप नोंदवू शकतो. नोंदवला तर तो ठराव त्याला लागू होत नाही. एक तृतीयांशाहून जास्त सदस्यांनी आक्षेप घेतला तर बाकीच्यांवरही बंधन राहत नाही. यलोफिनच्या 2021 च्या ठरावावर भारतासह काही देशांनी असा आक्षेप नोंदवला होता. पण आक्षेप म्हणजे सुटका नव्हे. आधीचा जो ठराव मान्य केलेला असतो तो लागू राहतोच, आणि पुढच्या बैठकीत आक्षेपामागचं शास्त्रीय कारण मांडावं लागतं. ते कारण ‘आमचे मच्छीमार गरीब आहेत’ एवढंच असून भागत नाही. किनाऱ्यावरच्या लहान गिलनेटचा आणि दूरदेशीच्या पर्ससीन जहाजांचा साठ्यावर (समुद्रात त्या जातीचे जेवढे मासे आहेत त्यांवर) पडणारा भार वेगवेगळा काढून दाखवावा लागतो, मासे जमावेत म्हणून सोडलेल्या तरंगत्या कृत्रिम आसऱ्यांखाली किती लहान मासे पकडले जातात ते दाखवावं लागतं. हे गणित करणारा माणूस शास्त्रज्ञच असतो.

बंदरपाखाडी

एमपीएससीबद्दल लिहितो.

रस्ता बंद नाही, लांबचा आहे. आणि माझ्या मते जो या रस्त्याने जातो त्याला नियम प्रत्यक्षात कसा मोडतो ते कळलेलं असतं. नुसत्या प्रारूपांवर काम करणाऱ्याला ते कळायला फार वेळ लागतो.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय, त्यापुढे 200 मैलांपर्यंत केंद्राचा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा, त्यात 2021 साली मोठी सुधारणा झाली. आधी दंडाची प्रकरणं तहसीलदारांपुढे चालायची, सुधारणेनंतर ती राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आली. म्हणजे आज जिल्ह्याचा सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय हा खऱ्या अर्थाने अभिनिर्णय (दंडाच्या प्रकरणाचा निकाल) देणारा अधिकारी आहे. पंचनाम्यात होडीचा नोंदणी क्रमांक, जीपीएसवरची जागा, जाळ्याच्या आसाचं (भोकाचं) माप आणि मासळीचं वजन यातलं एक जरी राहिलं तरी प्रकरण अपिलात कोसळतं. पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस.

2023 साली राज्याने 54 जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलं. त्यामागे सीएमएफआरआयने किनाऱ्यावर जमवलेली परिपक्वतेची आकडेवारी आहे. पापलेट 135 मिलिमीटर. ही अंमलबजावणी करताना पहिला वाद येतो तो माप कुठून कुठवर घ्यायचं याचा: शेपटीच्या खाचेपर्यंत की टोकापर्यंत. पापलेटच्या दुभंगलेल्या शेपटीत या दोन मापांत बराच फरक पडतो, आणि अधिसूचनेत काय लिहिलंय ते तोंडपाठ नसेल तर लिलावाच्या गर्दीत अधिकारी गप्प होतो.

इथून केंद्राकडे जायचं तर दोन मार्ग. एक, अभ्यासरजा घेऊन पीएचडी, तीही संपदा व्यवस्थापनात. दुसरा, दिल्लीच्या विभागात किंवा बंगालच्या उपसागराच्या आंतरशासकीय संघटनेत प्रतिनियुक्ती. ही संघटना चेन्नईला आहे. 2003 च्या कराराने बनली. भारत, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव हे चार सदस्य. लहान होड्यांचे प्रश्न चार देश एकत्र बसून बघतात, त्यामुळे राज्यसेवेतल्या अनुभवाला तिथे किंमत आहे.

खाडीपलीकडे

वर फक्त टूनाची खोली उघडली. व्यापाराची खोली वेगळी आहे, आणि तिथे मत्स्यशास्त्रज्ञ कमी पडतात म्हणून मुद्दाम लिहिते.

जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य अनुदानांचा करार 17 जून 2022 ला जिनिव्हात मंजूर झाला आणि 15 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला. भारताच्या बाजूने हे काम वाणिज्य मंत्रालय आणि जिनिव्हातलं कायमस्वरूपी मंडळ सांभाळतं, मत्स्यव्यवसाय विभाग तांत्रिक माहिती पुरवतो. करारात तीन गोष्टींसाठी अनुदानाला मनाई आहे: बेकायदा मासेमारी, अतिमासेमारी झालेला साठा, आणि खुल्या समुद्रातली कुणाच्याही नियंत्रणात नसलेली मासेमारी. अति क्षमतेला चालना देणाऱ्या अनुदानांचा भाग अजून वाटाघाटीत आहे. तिथे भारताने विकसनशील देशांसाठी 25 वर्षांची संक्रमणमुदत मागितली होती.

आता दुसऱ्या मनाईकडे बघा. साठा अतिमासेमारीचा आहे हे कोण ठरवणार? करार म्हणतो, किनाऱ्याचा देश स्वतःच्या समुद्रासाठी, त्याच्याकडच्या उत्तम उपलब्ध शास्त्रीय पुराव्यावर. आणि साठा पूर्ववत करणारे उपाय चालू असतील तर त्यासाठीचं अनुदान देता येतं. म्हणजे रत्नागिरीच्या मच्छीमाराला डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो, त्याचं भवितव्य शेवटी कुठल्या साठ्याचं मूल्यमापन कुणी, कसं केलं आहे याच्याशी जोडलेलं आहे. ज्याला साठ्याचं गणित आणि कराराची कलमं दोन्ही वाचता येतात अशी माणसं देशात फार थोडी आहेत. तुम्ही तशा होऊ शकता.

मजकूर वाचायची सवय आत्तापासून लावा. मसुद्यातला चौकोनी कंस म्हणजे त्या शब्दांवर एकमत नाही. ‘शॅल’ म्हणजे बंधन, ‘शुड’ म्हणजे अपेक्षा. ‘उपलब्ध असलेला पुरावा’ आणि ‘त्या देशाकडे उपलब्ध असलेला पुरावा’ यात एकाच शब्दसमूहाचा फरक आहे, पण दुसऱ्यात बाहेरच्या देशाचा अहवाल तुमच्यावर लादता येत नाही.

जुना धडा कासवांचा. कोळंबीच्या ट्रॉलमध्ये (बोटीमागे ओढायच्या जाळ्यात) कासव सुटण्याचं साधन नसलेल्या देशांकडून अमेरिकेने आयात रोखली. भारत, मलेशिया, पाकिस्तान, थायलंड यांनी तक्रार केली आणि 1998 मध्ये अपील मंडळाने निकाल दिला. अमेरिकेने नियम ज्या पद्धतीने लावला ती भेदभावाची ठरली, पण कासव वाचवण्याचा हेतू वैध ठरला. तेव्हापासून प्रश्न कायद्याचा कमी आणि जाळ्याच्या रचनेचा जास्त झाला. गजांमधलं अंतर 4 इंचांपेक्षा जास्त चालत नाही, आणि सुटकेचं तोंड मोठ्या कासवाला पुरेल एवढं हवं. मासळी निसटते म्हणून ते तोंड बांधून टाकलं की साधन असून नसल्यासारखं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अमेरिकी तज्ज्ञांच्या सोबतीने आपल्या ट्रॉलरला बसेल असं साधन विकसित केलं. अशा कामात दोरी आणि गज समजणारा शास्त्रज्ञच राजदूताचं काम करतो.

दर्यावर्दी

सहमत. एक पुस्ती जोडतो. प्रत्येक मंचाचा निर्णयाचा नियम वेगळा असतो आणि भूमिका त्यानुसार बांधावी लागते. आयओटीसीत मतदान आहे. अंटार्क्टिक सागरी सजीव संपदा आयोग, मुख्यालय होबार्ट, तिथे सर्वसहमती लागते. भारत 1986 पासून सदस्य आहे. मतदानाच्या मंचावर मित्र जमवावे लागतात. सर्वसहमतीच्या मंचावर एकटा देशही अडवू शकतो, पण त्याची किंमत पुढच्या वर्षी मोजावी लागते.

हा रस्ता नवा नाही. डॉ. एन. के. पणिक्कर मूळचे मत्स्य-प्राणिशास्त्रज्ञ. आधी सीएमएफआरआयचे प्रमुख, मग भारत सरकारचे मत्स्यविकास सल्लागार, मग 1960 च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या भारतीय कार्यक्रमाचे संचालक. त्या मोहिमेतूनच 1 जानेवारी 1966 ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, जी आज गोव्यात दोनापावल्याला आहे. पहिले संचालक तेच. डॉ. सय्यद जहूर कासिम यांची पीएचडी वेल्समधल्या बँगोरला, माशांवर. ते त्याच संस्थेचे संचालक झाले, आणि 6 डिसेंबर 1981 ला गोव्याहून निघालेल्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेचे नेते. 1983 मध्ये भारत अंटार्क्टिक कराराचा सल्लागार सदस्य झाला, त्यामागे ही मोहीम होती. दोघांनीही आधी कित्येक वर्षं मासे मोजले, मग देशाच्या वतीने बोलले. हा क्रम उलटा करता येत नाही.

अन्न व कृषी संघटनेत थेट नोकरीचं बघायचं असेल तर: पी-3 ला (पी म्हणजे तज्ज्ञ पदांची श्रेणी) पाच वर्षांचा संबंधित अनुभव, पी-4 ला सात, पी-5 ला दहा. पी-3 पासून इंग्रजीखेरीज संघटनेची आणखी एक भाषा थोडी तरी यावी लागते. फ्रेंच घ्या. आयओटीसीचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं आणि हिंदी महासागराच्या पश्चिमेचे अनेक देश फ्रेंच बोलतात. चहाच्या सुट्टीत दुभाषा नसतो. सेवेत लागल्यावर संयुक्त राष्ट्रे आणि निप्पॉन फाउंडेशनची सागरी कायद्याची नऊ महिन्यांची पाठ्यवृत्ती बघा. अर्ज सरकारी खात्यामार्फत जातो, त्यामुळे वरिष्ठांची शिफारस आधीपासून तयार ठेवा.

निवटी

विषय मत्स्यसंपदा व्यवस्थापन, हे नक्की. प्रवेशापर्यंत सहा-सात महिने हातात आहेत. त्यात नेमकं काय करू?

कुपा-गेदर

एक जात निवडा. सुरमई घ्या, ती मोजायला सोपी आणि यादीतली. जवळच्या बंदरात महिन्यातून चार दिवस जा, दर वेळी 50 मासे. लांबी शेपटीच्या खाचेपर्यंत, सपाट फळीवर किंवा कॅलिपरने. अंगावरून टेप वळवून घेतलेली लांबी जास्त येते आणि पुढे सगळी वाढीची गणितं बिघडतात. प्रत्येक माशासमोर साधन, जाळ्याचा आस, होडी किती दिवस बाहेर होती आणि कुठल्या दिशेला, एवढं लिहा. व्यापारी प्रतवारी करायच्या आधी मोजा. प्रतवारी झाल्यावर मोजलं तर फक्त मोठे मासे हाती येतात आणि साठा आहे त्याहून निरोगी दिसतो.

घरी आल्यावर एक सेंटिमीटरच्या गटांत मांडणी, महिन्यागणिक आलेख. शिखरं पुढे सरकताना दिसली की वाढीचं समीकरण बसवा. त्यासाठी ‘आर’ ही संगणकभाषा शिका, ती फुकट आहे आणि कार्यगटांत तीच चालते. मग आयओटीसीच्या किनारी टूना कार्यगटाचा ताजा अहवाल उघडा, सुरमईचा चार रंगांचा आलेख (साठ्याची स्थिती आणि मासेमारीचा ताण दाखवणारा) काढा, आणि भारताची आकडेवारी कुठे अंदाजाने भरली आहे त्या तळटिपा वाचा. त्यातली एक तळटीप म्हणजे तुमच्या एमएफएससीच्या प्रबंधाचा विषय.

बंदरपाखाडी

सातपाटी किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला जाणार असलात तर आधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवांना भेटा आणि महाविद्यालयाचं पत्र न्या. सर्वेक्षण म्हटलं की मच्छीमारांना आधी दंडाची भीती वाटते. किमान आकारमानाच्या अधिसूचनेनंतर तर फूटपट्टी बघूनच लोक सावध होतात. पहिल्या दिवशी काही मोजू नका, लिलाव कसा चालतो ते बघा आणि तांडेलांशी (होडीच्या प्रमुखांशी) बोला. जमवलेली आकडेवारी वर्षअखेरीला संस्थेच्या बैठकीत मराठीत मांडा. पुढच्या वर्षी ते स्वतः बोलावतील.